नॅनोसेकंद वाटणाऱ्या ग्रेसबाई

२०२४ साली लाडकी बहीण योजनेचे फॉर्म भरणं सुरू झालं तेव्हा आमच्या दिग्रसमधल्या कितीतरी जणी सेवा केंद्राच्या बाकावर तासन् तास बसून होत्या. आम्हा बचत गटाच्या बायकांचं काम म्हणजे त्यांच्या सोबतीला बसायचं, कागद लावून द्यायचे, पाणी आणून द्यायचं. पडद्यावर एक गोल चकती फिरत राहायची. कोणी म्हणे सर्व्हर स्लो आहे, कोणी म्हणे लाइन नाही, तर कोणी सरळ समोरच्या बाईच्या मोबाइललाच दोष देऊन मोकळं व्हायचं. वेळ जात होता एवढं नक्की. पण तो नेमका कुठे जात होता, हे कोणालाच सांगता येत नव्हतं.

वेळ नेमका कुठे गेला, हा प्रश्न ज्या बाईनं आयुष्यभर विचारला तिची गोष्ट आज सांगायची आहे. नाव ग्रेस हॉपर. अमेरिकेच्या नौदलातल्या रिअर ॲडमिरल. कॉम्प्युटरच्या पोटात एखाद्या कामाला किती वेळ लागतो हे साध्या माणसाच्या डोळ्याला दिसेल असं दाखवणारी ही बाई. आणि तेही कशानं, तर वायरच्या एका तुकड्यानं!

आता मी पडले आर्ट्‌सची पदवीधर. गणिताशी माझी दहावीनंतर फारकत झाली ती झालीच. त्यामुळे हे सगळं मला जसं समजलं तसंच, आपल्या भाषेत सांगते.

ग्रेसचा जन्म ९ डिसेंबर १९०६ चा, न्यूयॉर्क शहरातला. माहेरचं आडनाव मरे. तीन भावंडांत ही थोरली. वडील विम्याच्या धंद्यात होते. आईला गणिताची आवड होती. सात वर्षांची असतानाचा तिचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. घरात प्रत्येक झोपायच्या खोलीत गजराचं घड्याळ असायचं. गजर वाजतो तरी कसा, हे बघायला तिनं एक घड्याळ खोललं. पुन्हा जोडता येईना म्हणून दुसरं खोललं. असं करत करत सातही घड्याळांचे स्क्रू आणि चाकं जमिनीवर! आईनं काय करावं? मारलं नाही, ओरडलीही नसावी फारशी. यापुढे एकच घड्याळ खोलायचं, बाकीच्यांना हात लावायचा नाही, एवढा दंडक घालून दिला. आपल्यापैकी किती जणींनी हे केलं असतं, हे ज्याचं त्यानं मनाशी विचारून बघावं. मुलगा असता तर इंजिनिअर होणार म्हणून कौतुक, आणि मुलगी असली तर आगाऊ, हे आपल्याकडे आजही घडतं.

वडिलांच्या पायांच्या रक्तवाहिन्यांचा आजार बळावला आणि पुढे दोन्ही पाय कापावे लागले. मुलींनाही मुलाइतकंच शिकवायचं, त्यांनी स्वतःच्या पायावर उभं राहायचं, हा त्यांचा आग्रह होता. ग्रेस व्हासर कॉलेजच्या प्रवेशात पहिल्यांदा चक्क नापास झाली, लॅटिनमध्ये मार्क कमी पडले. पुढच्या वर्षी प्रवेश मिळाला. १९२८ साली गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन पदवी, मग येल विद्यापीठातून एम.ए. आणि १९३४ साली गणितात पीएच.डी. मधेच १९३० साली व्हिन्सेंट हॉपर या इंग्रजीच्या प्राध्यापकाशी लग्न. १९३१ पासून ती व्हासरमध्येच गणित शिकवू लागली. चांगली नोकरी, चांगलं घर. इथेच तिची गोष्ट संपली असती तर नवल नव्हतं.

पण डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अमेरिका युद्धात उतरली. ग्रेसबाईंचे पणजोबा नौदलात रिअर ॲडमिरल होते. आपणही नौदलात जायचं असं त्यांच्या मनानं घेतलं. नौदल म्हणालं, वय जास्त आहे. शिवाय गणिताची प्राध्यापक म्हणून तुमची गरज कॉलेजातच आहे. शिवाय वजन कमी आहे! नियमापेक्षा पंधरा पौंड, म्हणजे सात किलोच्या आसपास कमी भरलं. बाईंनी कॉलेजातून रजा काढली, वजनासाठी खास सूट मिळवली आणि डिसेंबर १९४३ मध्ये राखीव नौदलात दाखल झाल्या. प्रशिक्षणात पहिल्या आल्या. जहाजावर जायला मिळेल ही आशा मात्र फोल ठरली. जुलै १९४४ मध्ये त्यांना पाठवलं हार्वर्ड विद्यापीठाच्या एका तळघरात.

तिथे होतं मार्क वन नावाचं यंत्र. ५१ फूट लांब, ८ फूट उंच, वजन सुमारे ५ टन. आपल्या जिनिंगमधल्या यंत्रांची एक रांग डोळ्यापुढे आणा. आत चाकं, दांडे, विजेचे खटके, आणि अखंड खडखड. अमेरिकेतल्या पहिल्या मोठ्या कॉम्प्युटरांपैकी हा एक. साहेब होते हॉवर्ड एकन. हाताखाली बाई अधिकारी येणार हे काही त्यांना रुचलं नव्हतं. त्यांनी आल्या आल्या एक किचकट गणित अंगावर टाकलं आणि आठवड्याची मुदत दिली. बाईंनी ते केलं. पुढे याच साहेबांनी यंत्राची माहितीपुस्तिका लिहायचं काम त्यांच्यावर सोपवलं. ती १९४६ साली निघाली तेव्हा साडेपाचशेच्या वर पानांची झाली होती.

आता आपल्या विषयाकडे येते. हे यंत्र एका सेकंदात तीन बेरजा करायचं. गुणाकाराला सहा सेकंद. भागाकाराला पंधरा सेकंदांहून जरा जास्त. त्रिकोणमितीतलं काही विचारलं की एक मिनिटाच्या वर. म्हणजे मार्क वनच्या पोटात कुठल्या कामाला किती वेळ लागतो हे घड्याळ लावून, नुसतं कानांनी ऐकूनही कळत होतं. ग्रेसबाई आणि त्यांचे सहकारी यंत्राला कामाची यादी लिहून देताना हा हिशेब धरूनच चालायचे. गुणाकार चालू असताना सहा सेकंद नुसतं का बसायचं? तेवढ्यात मधे दुसऱ्या बेरजा घुसवता येतात. कुकर लावला की शिट्ट्या होईपर्यंत आपण कणीक मळून ठेवतो, तसंच. पण ते जमायला कुकरला किती वेळ लागतो आणि कणकेला किती, हे आधी पक्कं माहीत हवं. आपण ते अनुभवानं शिकतो. यंत्राच्या बाबतीत ते मोजूनच कळतं.

युद्धाची कामं होती ही. तोफेचे गोळे किती लांब पडतील, सुरुंग कसे निकामी करायचे, असली कोष्टकं. १९४४ साली अणुबाँबसाठीचं एक गणितही या यंत्रावर झालं. कशासाठी आहे ते तिथे काम करणाऱ्यांना सांगितलेलं नव्हतं. वेळ वाचवून आपण काय करतो, हा प्रश्न मला इथे अस्वस्थ करतो. पण ग्रेसबाईंच्या चरित्रात तो फारसा कुठे दिसत नाही, हेही खरं.

कॉम्प्युटरमधल्या चुकीला बग म्हणजे किडा म्हणतात. तो शब्द ग्रेसबाईंनी काढला असं बरेच ठिकाणी छापून येतं. तसं नाही. शब्द जुनाच आहे. सप्टेंबर १९४७ मध्ये मार्क टू या पुढच्या यंत्राच्या खटक्यात खरोखरचा एक पतंग अडकलेला सापडला. काम करणाऱ्यांनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला. तो सापडला दुसऱ्यांना, ग्रेसबाईंनी गोष्ट रंगवून जगभर सांगितली एवढंच.

या दिवसांत घराचं काय झालं? लग्न टिकलं नाही. १९४५ साली घटस्फोट झाला. मूलबाळ नव्हतं. हॉपर आडनाव त्यांनी तसंच ठेवलं. १९४९ साली हार्वर्डमधलं कामही सुटलं. वय ४२, घर नाही, नोकरी नाही, युद्ध संपलेलं. या काळात त्यांना दारूचं व्यसन लागलं होतं आणि ते चांगलंच हाताबाहेर गेलं होतं. आपल्याकडे थोरामोठ्यांच्या चरित्रातून असला भाग गाळून टाकायची पद्धत आहे. मला ती पटत नाही. गावात दारूबंदीसाठी फिरताना आम्ही दारू म्हणजे पुरुषांचा विषय असं धरूनच चालतो. बाईही या खाईत पडते, अगदी पीएच.डी. झालेली बाईही पडते. मित्रांनी मदत केली, कामाने हात दिला आणि त्या सावरल्या.

ते काम होतं फिलाडेल्फियाच्या एका नव्या कंपनीत. तिथे युनिव्हॅक नावाचा कॉम्प्युटर बनत होता. तो १९५१ साली तयार झाला. मार्क वन सेकंदाला तीन बेरजा करायचा, हा सुमारे एकोणीसशे करू लागला. सात वर्षांत केवढी मजल! आता कानांनी ऐकून वेळ कळायचे दिवस संपले. यंत्र जोरात पळू लागलं, पण त्याला काम समजावून सांगणारी माणसं मात्र पूर्वीच्याच गतीनं चालत होती. एकेक हिशेब आकड्यांच्या सांकेतिक भाषेत लिहायला आठवडे लागायचे. जुन्या वहीतून उतरवून घेताना चुका व्हायच्या. ग्रेसबाईंच्या लक्षात आलं की माणूस नक्कल करण्यात कच्चा आहे आणि यंत्र त्यातच पक्कं. मग हे काम यंत्रालाच का देऊ नये? नेहमी लागणारे हिशेबाचे तुकडे त्यांनी टेपवर साठवले, प्रत्येकाला क्रमांक दिला. आपण फक्त क्रमांक सांगायचे, यंत्रानं तुकडे शोधून जोडून घ्यायचे. वर्षाचा मसाला, तिखट, हळद करून बरण्या भरून ठेवाव्यात आणि रोजच्या भाजीला फक्त चमचा घालावा तसं. १९५२ सालची ही गोष्ट. जगातल्या पहिल्या कंपायलरांमध्ये तिची गणना होते.

लोकांना ते पटायला वेळ लागला. आक्षेप असा की यंत्रानं जोडलेलं काम हातानं लिहिलेल्या इतकं चपळ नसतं, त्यात यंत्राचा वेळ वाया जातो. आणि त्या काळी यंत्राचा वेळ फार महाग. यावर ग्रेसबाईंचं म्हणणं साधं होतं. यंत्राची मिनिटं मोजता, मग ते लिहिणाऱ्या माणसाचे आठवडे कोण मोजणार? मला वाटतं, घरकाम करणाऱ्या कुठल्याही बाईला हा मुद्दा समजावून सांगावा लागणार नाही. मिक्सर किती वीज खातो ते घरात सगळे बघतात.

पुढे त्यांनी आकड्यांऐवजी साध्या इंग्रजी शब्दांत हुकूम घेणारी भाषा बनवली. तिचं नाव फ्लोमॅटिक. एकदा त्यांनी कंपनीच्या वरिष्ठांना गंमत म्हणून तेच हुकूम फ्रेंच आणि जर्मन शब्दांत देऊन दाखवले, तेव्हा वरिष्ठ हादरलेच म्हणे. अमेरिकेचं यंत्र परकी भाषा कसं काय समजेल? यंत्राला सगळ्या भाषा सारख्याच परक्या असतात हे त्यांच्या डोक्यात शिरेना. १९५९ साली सरकार आणि कंपन्यांनी मिळून कोबोल ही व्यवहाराची भाषा ठरवायला घेतली, ती बरीचशी फ्लोमॅटिकच्या पायावर उभी राहिली. कोबोल एकट्या ग्रेसबाईंनी केली नाही, समितीनं केली. पण तिला माहेर म्हणावं ते त्यांचंच.

ही भाषा आपल्या ओळखीची नाही असं वाटेल. पण बँका, विमा कंपन्या यांचे हिशेब वर्षानुवर्षं कोबोलमध्ये चालले. १९९९ संपून २००० साल लागताना सगळे कॉम्प्युटर गोंधळतील ही भीती होती, आठवतं? वाय-टू-के म्हणायचे. वर्ष लिहिताना दोनच आकडे लिहिल्यामुळे झालेला तो घोळ. तो निस्तरायला मुंबई-पुण्याच्या कंपन्यांत कितीतरी मराठी मुलामुलींनी रात्री जागून कोबोल दुरुस्त केलं आणि त्या कामावर विमानात बसून परदेशीही गेली.

१९६६ च्या डिसेंबरअखेर वयाच्या साठाव्या वर्षी नौदलानं ग्रेसबाईंना निवृत्त केलं. आणि १९६७ च्या ऑगस्टमध्ये परत बोलावलं, फक्त सहा महिन्यांसाठी! नौदलाच्या सगळ्या कॉम्प्युटरांत एकवाक्यता आणायची होती. ते सहा महिने मधल्या एका छोट्या निवृत्तीसह १९८६ पर्यंत चालले. १९६९ साली कॉम्प्युटर व्यवसायातल्या एका संघटनेनं त्यांना पुरस्कार दिला. पुरस्काराचं नाव होतं वर्षातला सर्वोत्तम पुरुष. पहिलाच पुरस्कार, आणि तो घ्यायला उभ्या ग्रेसबाई! यावर मी काही लिहायची गरज नाही.

याच काळात ती वायर आली. आता यंत्रं इतकी वेगवान झाली होती की लोक नॅनोसेकंदाच्या गोष्टी करू लागले. एका सेकंदाचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोसेकंद. शंभर कोटी म्हटलं की आपलं डोकं थांबतं. ग्रेसबाईंचंही थांबलं, असं त्या प्रांजळपणे सांगत. मग त्यांनी इंजिनिअर लोकांना निरोप धाडला की मला एक नॅनोसेकंद कापून पाठवा. म्हणजे वीज एका नॅनोसेकंदात जास्तीत जास्त जेवढं अंतर जाऊ शकते तेवढ्या लांबीचा वायरचा तुकडा. तो आला ११.८ इंचांचा. एक वीत आणि चार बोटं. मुलांच्या कंपासमधली नव्हे, ती लांबवाली तीस सेंटिमीटरची पट्टी असते ना, तेवढा. प्रकाशापेक्षा वेगानं जगात काही जात नाही, आणि प्रकाशसुद्धा एका नॅनोसेकंदात या पट्टीच्या टोकाशीच पोचतो.

ग्रेसबाई मग टेलिफोनच्या वायरचे असे तुकडे जुडी बांधून पर्समध्ये ठेवू लागल्या. भाषणाला गेल्या की वाटायच्या. कुंकवाला गेल्यावर वाण देतात तसे! नौदलाचे मोठे अधिकारी विचारायचे की उपग्रहावरून निरोप यायला एवढा वेळ का लागतो. बाई तुकडा हातात ठेवून म्हणायच्या की इथून उपग्रहापर्यंत असे किती तुकडे लागतील ते मोजा. पृथ्वीभोवती ठरावीक जागी दिसणारे दळणवळणाचे उपग्रह ३६ हजार किलोमीटर उंच असतात. निरोप वर जाऊन खाली यायचा तर पाव सेकंद गेलाच. तिथे कोणी आळस केलेला नाही, ते अंतरच तेवढं आहे.

तरुण प्रोग्रामर मंडळींसाठी मात्र दुसरं वेटोळं असायचं. मायक्रोसेकंदाचं. म्हणजे हजार नॅनोसेकंद. वायर ९८४ फूट, जवळपास तीनशे मीटर. हे भलंमोठं वेटोळं हातात उंच धरून त्या बजावत की तुम्ही एक मायक्रोसेकंद वाया घालवता तेव्हा हे एवढं फेकून देता. प्रत्येकाच्या टेबलावर नाहीतर गळ्यात हे अडकवायला हवं असं त्यांचं मत होतं. मिलिसेकंदाची वायर त्यांनी कधी आणली नाही, आणणार कुठून? तीनशे किलोमीटरची ती. दिग्रसहून निघाली तर यवतमाळ ओलांडून नागपूरच्याही पुढे जाईल. नॅनोसेकंदाहून हजारपट लहान जो पिकोसेकंद, त्यासाठी त्या मिऱ्याच्या पुडीची छोटी पाकिटं दाखवत. एकेक कण म्हणजे एकेक पिकोसेकंद.

या वाटलेल्या नॅनोसेकंदांचं पुढे काय झालं हे मला पुण्याच्या माझ्या भाच्याकडून कळलं. त्याचं कामच हे आहे, कर्नलमधला वेळ मोजायचा. मला आधी वाटलं फौजेतल्या कर्नलचं काही आहे! तसं नाही. आपल्या मोबाइलमध्ये, कॉम्प्युटरमध्ये घर चालवणारी एक व्यवस्था असते, ऑपरेटिंग सिस्टीम. तिच्या अगदी आतला गाभा म्हणजे कर्नल. सरकीच्या आत जसा गर, तसा. व्हॉट्सॲप असो की बँकेचं ॲप, त्यांना स्वतःच्या हातानं काहीच घेता येत नाही. फोटो साठवायचा, निरोप पाठवायचा, अंगठा वाचायचा, सगळं या गाभ्याकडे मागावं लागतं. एकत्र कुटुंबात कोठीच्या किल्ल्या एकाच मोठ्या जाऊबाईंच्या कमरेला असाव्यात तसं. दिवसभर सगळ्यांची मागणी तिच्याकडे. तिला एकेका कामाला जरासा उशीर झाला की अख्खं घर खोळंबतं. एक काम सेकंदाला दहा लाख वेळा होत असेल आणि दरवेळी एकच मायक्रोसेकंद जास्त लागला, तर दहा लाख मायक्रोसेकंद म्हणजे अख्खा एक सेकंद त्यातच गेला.

मोजतात कसं? प्रोसेसरमध्ये एक मोजणी अखंड चालू असते. कामाच्या आधी तिचा आकडा बघायचा, काम झाल्यावर पुन्हा बघायचा आणि वजाबाकी करायची. ऐकायला सोपं आहे. पण आकडा बघायलाही थोडा वेळ लागतोच, तो हिशेबातून वगळायला हवा. दुसरं म्हणजे मधेच व्यत्यय येतो. समजा, तुम्ही एक पोळी लाटून भाजायला किती वेळ लागतो ते मोजताय आणि मधेच दाराशी दूधवाला आला. घड्याळ चालूच आहे. पोळीला चार मिनिटं लागली असं लिहिलं तर ते खरं आहे का? गाभ्याचंही असंच होतं, काम अर्धवट टाकून त्याला दुसरीकडे धावावं लागतं. म्हणून एकदा मोजून भागत नाही. तेच काम हजारो वेळा मोजायचं आणि सगळ्यात कमी किती, नेहमी किती आणि सगळ्यात जास्त किती, हे वेगवेगळं बघायचं. नुसती सरासरी काढली की फसगत होते. शंभरातल्या नव्व्याण्णव पोळ्या वेळेवर झाल्या पण एकीला अर्धा तास लागला, तर ती ज्याच्या ताटात येणार होती त्याला सरासरीचं काय कौतुक?

भाच्यानं मला आणखी एक हिशेब करून दाखवला. एक नॅनोसेकंद म्हणजे आपला एक सेकंद असं धरा. मग गाभ्याकडची एखादी साधी मागणी तीन-चार मिनिटांत पुरी होते. पण तीच मागणी जुन्या पद्धतीच्या फिरत्या हार्ड डिस्कवर गेली, तर उत्तर यायला तीन महिने! चपाती मागितली आणि गव्हाची पेरणी झाली म्हणायची. चकती फिरत राहते तेव्हा वेळ गाभ्यात गेला, डिस्कमध्ये गेला, तारेत गेला की दूरच्या सर्व्हरच्या रांगेत, हे असं टप्प्याटप्प्यानं मोजल्याशिवाय कोणालाच कळत नाही. बाकावर बसलेल्या बाईच्या मोबाइलला दोष देणं त्यापेक्षा सोपं.

फिनलंडच्या लिनस टॉरवाल्ड्‌स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं लिनक्स नावाचा कर्नल १९९१ साली लोकांपुढे ठेवला. आपल्या अँड्रॉइड मोबाइलच्या गाभ्याशी तोच आहे. त्याच्या आतलं घड्याळ नॅनोसेकंदात चालतं आणि २००८ पासून त्यात एफट्रेस नावाचं मोजमापाचं साधनही आहे, कुठल्या कामाला किती वेळ गेला ते त्यातून छापून येतं. हे ग्रेसबाईंनी केलेलं नाही. त्यांनी तुकडे वाटले, मोजायचं काम पुढच्यांनी केलं.

त्यांची अजून एक गोष्ट आपल्या भागात सांगण्यासारखी आहे. मोठं ओझं एका बैलाला ओढवेना तर जुन्या काळचे लोक आणखी मोठा बैल वाढवत बसत नसत, दुसरा बैल जोडीला जुंपत. कॉम्प्युटरचंही तसंच करावं असं त्या सांगत. एकच अवाढव्य यंत्र बांधण्यापेक्षा लहान लहान यंत्रं जोडा. १९९१ साली पुण्याच्या सी-डॅकमध्ये परम ८००० हा महासंगणक तयार झाला, तो असाच अनेक छोटे प्रोसेसर एकत्र जुंपून. त्या कामाचे प्रमुख विजय भटकर मूळचे अकोला जिल्ह्यातले, मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याचे. म्हणजे आपल्या शेजारचेच.

ग्रेसबाईंच्या ऑफिसच्या भिंतीवर एक घड्याळ होतं. त्याचे काटे उलटे फिरायचे. बघणारा आधी गोंधळायचा, मग त्याला कळायचं की वेळ बरोबर दाखवतंय. आजपर्यंत असंच करत आलोय म्हणून पुढेही असंच, या उत्तराचा त्यांना फार राग होता. त्यासाठीच ते घड्याळ.

१४ ऑगस्ट १९८६ रोजी बोस्टन बंदरात कॉन्स्टिट्यूशन या जहाजावर त्यांचा निरोप समारंभ झाला. हे जहाज १७९७ सालचं, नौदलातलं सगळ्यात जुनं. आणि ७९ वर्षांच्या ग्रेसबाई सेवेत असलेल्या सगळ्यात वयस्क अधिकारी. घरी बसल्या नाहीत. एका कॉम्प्युटर कंपनीत सल्लागार झाल्या, गावोगाव भाषणं देत राहिल्या, जुड्या सोडून तुकडे वाटत राहिल्या. टीव्हीवरच्या मुलाखतीतही त्यांनी मुलाखत घेणाऱ्याच्या हातावर एक नॅनोसेकंद ठेवला होता.

२००० साल उजाडलेलं बघायची त्यांची इच्छा होती. तेवढं आयुष्य मिळालं नाही. १ जानेवारी १९९२ रोजी झोपेतच त्या गेल्या. आर्लिंग्टनच्या सैनिकी दफनभूमीत त्यांना पूर्ण मानानं निरोप दिला गेला. पुढे नौदलानं एका युद्धनौकेला हॉपर हे नाव दिलं आणि २०१६ साली अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान त्यांना मरणोत्तर मिळाला. वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संग्रहालयात त्यांनी वाटायला आणलेल्या वायरच्या तुकड्यांची एक जुडी जपून ठेवली आहे. साधी टेलिफोनची वायर, सगळे तुकडे एकाच मापाचे.